सांगून येणारा आजार आणि खुंटीवरची पिशवी



मेळाव्याच्या अंकात भावाचे, कर्जाचे आणि विजेचे लेख असतात. या वेळी आम्ही दवाखान्याचा विषय घेतला आहे. कारण कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन विकली जाते ती सगळीच काही बोंडअळीने विकली जात नाही. घरात एक मोठे दुखणे शिरले की दोन हंगामांत पाच एकरांचे तीन एकर होतात. त्याचा पंचनामा करायला कोणताही तलाठी येत नाही.

आमच्या तालुक्यात आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरी हे घडले. नाव देत नाही, कारण त्या घरात दोन मुलींची लग्ने व्हायची आहेत. नाव देण्याची सोय नाही, हाच या लेखाचा अर्धा विषय आहे.

त्याचे वडील पन्नाशीत गेले. लघवीतून रक्त जायचे, कंबर धरायची, शेवटी अंगावर सूज आली आणि संपले. गाव म्हणाले, करणी. मग थोरला चुलता तसाच गेला. गाव म्हणाले, घराण्याला शाप. आमच्या कार्यकर्त्याची पस्तिसाव्या वर्षी कंबरदुखीसाठी सोनोग्राफी झाली, तेव्हा दोन्ही किडन्या पाण्याच्या फोडांनी भरलेल्या दिसल्या. तो कागद पत्र्याच्या पेटीत गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत उलट्या लागल्या, दम कोंडला, रात्री भाड्याची गाडी करून जिल्ह्याला न्यावे लागले आणि मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागले. आजाराने अकरा वर्षे आधी नोटीस दिली होती. ती नोटीस पेटीत पडून राहिली.

करणी नव्हे, वारसा

या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. किडनीत पाण्याने भरलेले लहान लहान फोड येतात आणि वर्षानुवर्षे वाढत जातात. धडधाकट माणसाची एक किडनी साधारण दीडशे ग्रॅमची असते. या आजारात ती एक किलोच्या वर जाऊ शकते, काहींची तर कित्येक किलोंची होते. वजन वाढते, पण काम घटत जाते. पाणी पिऊन सुटलेल्या पऱ्हाटीसारखे: झाड दिसते मोठे, बोंड धरत नाही.

आजार आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. मुलाला होतो तसा मुलीलाही होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराच्या बाबतीत नाणे एकदा उडते. छापा पडला तर आजार, काटा पडला तर सुटका. चार लेकरे असली तर चारदा नाणे उडते. चारांपैकी दोघांनाच होईल असा हिशोब नसतो. ज्याला आजार आला नाही, तो तो पुढच्या पिढीला देऊ शकत नाही. काही थोड्या घरांत मागे कोणालाच नसताना तो नव्याने सुरू होतो. म्हणून सून घरात आली आणि दुखणे घेऊन आली, असे जी सासू म्हणते, तिने आधी आपल्या लेकाची सोनोग्राफी करून पाहावी.

निम्म्या रुग्णांच्या किडन्या साधारण साठीच्या आसपास निकामी होतात. काहींच्या त्याआधी, काहींच्या कधीच नाही. रक्तदाब मात्र तरुणपणीच वाढू लागतो. याचा अर्थ नीट समजून घ्या. पाऊस सांगून येत नाही, बाजारभाव सांगून पडत नाही, हा आजार मात्र वीस-वीस वर्षे आधी सांगून येतो. एवढी मुदत आपल्याला आयुष्यात दुसऱ्या कोणत्या संकटाने दिली आहे?

त्या मुदतीत करायचे काय, तेही साधे आहे. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याने विशी उलटली की दरवर्षी रक्तदाब मोजावा. वाढला असेल तर गोळी रोज घ्यावी, बरे वाटले म्हणून सोडू नये. लोणचे, पापड आणि ठेच्यावरचे मीठ कमी करावे. सगळ्यात महत्त्वाचे, फवारणीनंतर अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या आणि सुया घेणे बंद करावे. अशा किडनीला ते विष आहे. सोनोग्राफी तिशीच्या आत स्वच्छ आली म्हणून सुटलो असे समजू नये; पुन्हा करून घ्यावी. चाळिशीनंतर दोन्ही किडन्या स्वच्छ दिसल्या तर काळजी जवळपास मिटली. आणि उतारवयात किडनीवर एखाददुसरा फोड दिसला तर तो हा आजार नव्हे, घाबरू नका.

सत्तर किलोमीटरचा हिशोब

किडनी पूर्ण थकली की दोन वाटा उरतात: दुसरी किडनी बसवणे किंवा डायलिसिस. किडनी बसवणे हा सर्वांत चांगला उपाय, आणि बसवलेल्या किडनीत हा आजार परत येत नाही. पण या आजारात भाऊबहीणही त्याच नाण्याच्या खेळातले असतात. किडनी देणाऱ्या नातेवाइकाची तपासणी आधी व्हावी लागते आणि घरातले देणारे निम्मे होतात. तोवर डायलिसिस चुकत नाही.

डायलिसिस म्हटले की आपल्याला एकच चित्र दिसते: मोठे यंत्र, शेजारी पलंग, हातातून नळीने जाणारे रक्त. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार तास. आमच्या कार्यकर्त्याचे गाव जिल्ह्यापासून सत्तर किलोमीटर. डॉक्टरांनी तीनदा सांगितले, त्याला झेपले दोनदा. वर्षाला १०४ फेऱ्या. जाऊन-येऊन १४० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १४,५६० किलोमीटर. सोबत बायको. दोन माणसांचे १०४ दिवस म्हणजे २०८ मजुरीचे दिवस. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यंत्रावरचे डायलिसिस बसते, म्हणून सुई फुकट मिळाली. पण गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि न झालेला डवरा यांचे बिल कोणत्याच योजनेत बसत नाही. फुकट डायलिसिसने त्याचे दोन एकर विकले गेले.

कैरी आणि मीठ

दुसरे एक डायलिसिस आहे. ते घरी होते. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि सुईही टोचावी लागत नाही. सात महिने जिल्ह्याच्या फेऱ्या मारताना आमच्या कार्यकर्त्याला त्याविषयी एका शब्दाने कोणी सांगितले नाही. त्याने दुसऱ्या एका रुग्णाकडून ऐकले.

आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. छोटी शस्त्रक्रिया करून पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचे आणि चार ते सहा तास तसेच ठेवायचे. त्या पाण्यात साखर असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे प्रत्येक मायबहिणीला ठाऊक आहे. त्याच नियमाने साखरेचे पाणी रक्तातले जादा पाणी ओढून घेते, आणि रक्तातली घाण अस्तरातून त्यात उतरते. मग ते पाणी बाहेर काढायचे आणि नवे भरायचे. भरलेली पिशवी वर खुंटीला, रिकामी पिशवी खाली जमिनीवर. वरचे पाणी खाली येते, एवढीच त्यातली मशिनरी. एका बदलाला अर्धा तास लागतो. दिवसातून असे तीन ते चार बदल. रात्री झोपेत बदल करणारे यंत्रही मिळते, पण आपल्याकडच्या विजेच्या भरवशावर आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

ही काही कालची टूम नाही. पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७६ साली ही पद्धत मांडली. टोरांटोच्या ओरियोपोलोस यांनी काचेच्या बाटल्या काढून प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि ती घराघरांत गेली. भारतात ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तरीही आपल्या देशातले फार थोडे रुग्ण त्यावर आहेत.

दोन कारणे, दोन्ही लंगडी

का आहेत थोडे? आमच्या कार्यकर्त्याला दवाखान्यात दोन कारणे ऐकवली गेली.

पहिले कारण: तुमच्या किडन्या मोठ्या आहेत, पोटात पाण्याला जागा उरणार नाही. ऐकायला पटते, आणि पूर्वी डॉक्टरांनाही पटत होते. पण लंडनच्या डॉक्टरांनी २००८ साली आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०११ साली आपल्या रुग्णांचा हिशोब मांडला. फोडांच्या किडनीचे रुग्ण पोटाच्या डायलिसिसवर इतरांपेक्षा कमी जगले नाहीत. या आजारात हर्निया होण्याचे प्रमाण जास्त असते, ही खरी अडचण. पण हर्निया दुरुस्त करता येतो. केडीगो या जागतिक किडनीतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ साली याच आजारावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही पोटाचे डायलिसिस हा चांगला पर्याय धरला आहे; पोटात जागा फारच कमी असेल तर सावधपणे जा, एवढेच सांगितले आहे. म्हणजे "जमणार नाही" हे पोट तपासून सांगायचे वाक्य आहे, फाइलवरचे आजाराचे नाव वाचून सांगायचे नाही. आमच्या कार्यकर्त्याचे पोट दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी तपासले. बेंबीला हर्निया निघाला. तो शिवला, त्याच वेळी नळी बसवली, आणि आज दीड वर्ष तो घरी पिशवीवर आहे. शिवाय या आजारात अनेकांची लघवी बराच काळ टिकते. त्याचीही टिकली आहे, म्हणून दिवसाला तीन पिशव्यांवर त्याचे भागते.

दुसरे कारण जास्त झोंबणारे आहे: तुम्ही खेड्यातले, घर कुडाचे, स्वच्छता तुम्हाला जमणार नाही. शेतकऱ्याला अक्कल नाही हे आम्ही बाजारात ऐकले, बँकेत ऐकले, आता दवाखान्यातही ऐकायचे. थायलंडने २००८ साली आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत पोटाचे डायलिसिस हाच पहिला पर्याय ठरवला. तिथले रुग्ण काही राजवाड्यात राहत नव्हते. भातशेती करणारी खेड्यांतली माणसे होती. पाण्याच्या पिशव्या टपालखात्याने घरपोच केल्या. नर्स आणि गावातले आरोग्य स्वयंसेवक घरी जाऊन बघत होते. हाँगकाँगने तर १९८५ पासूनच हे धोरण धरले. थायलंडमध्ये २०२२ साली कोणते डायलिसिस घ्यायचे ते निवडायची मुभा रुग्णाला दिली, तेव्हा बरेच जण यंत्राकडे गेले हेही खरे. त्यात आम्हाला वावगे दिसत नाही. निवड माणसाचीच हवी. आमची तक्रार एवढीच की आपल्याकडे निवड विचारलीच जात नाही.

सोपे नाही, तेही सांगतो

आम्ही कोणाला गाजर दाखवत नाही. हे डायलिसिस म्हणजे शिस्त आहे. दिवाळीनंतर आमच्या कार्यकर्त्याच्या घरात कापूस भरला होता. जागा नव्हती म्हणून त्याच खोलीत, पंखा चालू ठेवून, घाईत पिशवी बदलली. दोन दिवसांनी पोट दुखू लागले आणि निघालेले पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ आले. पोटाच्या अस्तराला जंतू लागले होते. शिकवल्याप्रमाणे त्याने ती गढूळ पिशवी सोबत घेतली आणि त्याच दिवशी दवाखाना गाठला. पिशवीच्या पाण्यातूनच जंतुनाशक औषध दिले गेले, दोन आठवड्यांत बरा झाला. उद्या बघू म्हटले असते तर जिवावर बेतले असते.

म्हणून नियम पक्के. बदलाची एक जागा ठरलेली हवी. तिथे कापूस नको, फवारणीचे औषध नको, कोंबडी-मांजर नको. दार-खिडकी आणि पंखा बंद. तोंडावर मास्क, साबणाने हात धुऊन कोरडे केलेले. पिशव्या तापल्या पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवायच्या नाहीत, उंदरांपासूनही जपायच्या. विहिरीत पोहणे बंद. पाठीवरचा फवारणीचा पंप आणि कापसाचे गाठोडे उचलणे बंद, कारण हर्निया परत येतो. बांधावर उभे राहून काम सांगता येते, डवरा हाकणाऱ्याला हाक देता येते, वेचणीचा काटा धरता येतो. पाण्याबरोबर अंगातले प्रोटीनही थोडे बाहेर जाते, म्हणून डाळ, अंडी डॉक्टरांच्या सल्ल्याने खायची. भाकरीवर बंदी नाही. पाण्यातली साखर अंगात मुरते, मधुमेह्याने त्यावर लक्ष ठेवायचे. पोटाचे अस्तरही कायम टिकत नाही. काही वर्षांनी यंत्राकडे जावे लागू शकते. आणि घरात हे करणारे हात बहुतेक वेळा बायकोचे असतात. तिने ते ओझे घ्यावे की नाही, हे तिला विचारूनच ठरवावे.

हे सगळे धरूनही आमचा कार्यकर्ता म्हणतो, आता मी महिन्यातून एकदा दवाखान्यात जातो आणि उरलेले दिवस माझ्या शेतात असतो. त्याच्या मुलीने परवा बारावीची परीक्षा दिली. पूर्वी आईबाप आठवड्यातून दोनदा दिवसभर घरी नसत, तेव्हा भाकरी, गुरे आणि धाकटी भावंडे तिच्याच अंगावर होती आणि तिची शाळा सुटायच्या बेतात आली होती. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम कुठे लिहायची, ते आम्हाला कोणी सांगावे.

कागदावरची पिशवी

सरकारने काहीच केले नाही असे नाही. केंद्राने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. २०१९ साली त्यात पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना दिल्लीत छापल्या गेल्या, आमच्या तालुक्यात पिशवी काही उतरली नाही. आमचा कार्यकर्ता जिल्ह्याच्या औषध दुकानातून खिशातल्या पैशाने पिशव्या आणतो. दिवसाला सहा लिटर म्हणजे महिन्याला १८० लिटर, जवळपास पावणेदोन क्विंटल माल. ज्या गावात बियाण्याची थैली पोहोचते, खताचे पोते पोहोचते, थंड पेयाची बाटली तर पाऊस नसला तरी पोहोचते, त्या गावात औषधी पाण्याची पिशवी पोहोचू शकत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायला तयार नाही. नुसती यंत्रांची केंद्रे वाढवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. केंद्रे हवीतच, पण सत्तर किलोमीटरवरच्या माणसाला ती पुरी पडत नाहीत.

मेळाव्यापुढे ठेवायचा ठराव

आम्ही उपकार मागत नाही. सरकार आपल्या डायलिसिसवर पैसा खर्च करतेच आहे. तो कोणत्या वाटेने खर्च व्हावा, हे ठरवण्यात आपले मत असावे एवढेच म्हणतो. म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवत आहोत.

एक: किडनी निकामी झालेल्या प्रत्येक रुग्णाला यंत्राचे, पोटाचे आणि किडनी बसवण्याचे असे तिन्ही पर्याय मराठीत समजावून सांगितले जावेत, आणि एखादा पर्याय नाकारला तर कारण लेखी द्यावे.

दोन: पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्या सरकारी खर्चाने तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत, आणि तिथून गावापर्यंत याव्यात. यंत्रावरच्या रुग्णावर खर्च होतो, तसाच पिशवीवरच्या रुग्णावर व्हावा. तोवर प्रत्येक रुग्णाने योजनेच्या आरोग्यमित्राकडे जावे आणि हे उपचार बसतात की नाही, याचे उत्तर लेखी मागावे.

तीन: तालुक्याच्या रुग्णालयात किमान एक नर्स या कामात तयार असावी, जिला गढूळ पाण्याची पिशवी बघून पुढे काय करायचे ते कळेल.

चार: ही मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. ज्या घरात किडनीने माणसे गेली, त्या घरातल्या तरुणांनी रक्तदाब मोजून घ्यावा आणि सोनोग्राफी करावी. त्या घराकडे बोट दाखवणे गावाने बंद करावे. आपण बोट दाखवतो म्हणून कागद पेटीत जातात, आणि पेटीतला कागद अकरा वर्षांनी मानेत नळी होऊन बाहेर येतो.

आमच्या कार्यकर्त्याला एक धाकटा भाऊ आहे, चौतीस वर्षांचा. गेल्या महिन्यात त्याची सोनोग्राफी झाली. त्याच्याही किडनीत फोड आहेत. त्याने कागद पेटीत ठेवला नाही. रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि तो कागद घेऊन थेट आमच्याकडे आला. म्हणाला, मेळाव्यात बोलायला मला पाच मिनिटे द्या. आम्ही ती दिली आहेत. सगळ्यांनी वेळेवर या आणि त्याचे बोलणे ऐकून जा.